सावळीराम आणि ग्रीसचा डबा

सावळीरामला यंत्रांची दुखणी ऐकू यायची. इतरांना जो नुसता खडखडाट वाटे, त्यात त्याला कुणीतरी कण्हतंय हे कळे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या लांबच लांब पट्ट्यांवर त्याची उभी हयात गेली. पट्ट्याखालच्या शेकडो रोलरांपैकी कुठला कोरडा पडलाय, हे तो चालता चालता सांगायचा. सोबतचे म्हणायचे, "सावळ्या, तुझ्या कानाला काय मीटर बसवलंय का रे?" तो हसून ग्रीसचा डबा उचलायचा आणि कामाला लागायचा.

निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली, डबा सुटला नाही. घराचं फाटक, जाळीच्या दाराच्या बिजागऱ्या, शिलाई मशीन, मुलाच्या, म्हणजे सनीच्या, टेम्पोचे दरवाजे, सगळं त्यानं एकेक करून असं गुळगुळीत केलं, की घरात कोण आलं नि कोण गेलं हे कळेनासं झालं. त्याची बायको सुलाबाई एकदा वैतागून म्हणाली, "आता माझे गुडघे तेवढे राहिले. त्यांना पण लावा."

"लावलं असतं," सावळीराम गंभीरपणे म्हणाला, "पण तुला ग्रीस भरायचं निपल कुठं हाय?"

त्याच्या हाताला घरात एकच वस्तू वर्ज्य होती, ती म्हणजे सुनेचा चेनसॉ.

सून प्रतिभा नांदगावची. लग्न होऊन आली तेव्हा घरचा झेंडू आणि शेवंती बघायची. बांधावर सुबाभूळ माजली, तेव्हा ती तोडायला तिनं झाडं कापायचं हे मशीन घेतलं. आधी स्वतःचा बांध साफ केला, मग शेजाऱ्याचा. हळूहळू शहरातून बोलावणी यायला लागली. कुणाच्या गच्चीवर फांदी टेकलेली असायची, कुणाच्या कंपाउंडमध्ये वाळका बुंधा उभा. शेजारच्या मळ्यातली तृप्ती दोर बांधून झाडावर चढण्यात पटाईत. दोघींनी मिळून धंदाच उभा केला. मशीन पडवीतल्या लोखंडी पेटीत असे, आणि प्रतिभानं घरात सगळ्यांना एकदाच सांगितलेलं, "याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाय. दुसऱ्यानं खोललेल्या मशीनवर माझा भरवसा बसत नाय."

सगळ्यांनी मान डोलावली होती. सावळीरामनंही.

पण मे महिन्यात एका सकाळी प्रतिभा अंगणात मशीन तापवत होती आणि सावळीरामचे कान टवकारले. मशीन स्लोवर असलं की बारीक, चिरका आवाज येत होता, उंदीर चिमटीत धरल्यासारखा. रेस दिली की आवाज गायब. रेस सोडली की पुन्हा हजर.

"प्रतिभा," तो म्हणाला, "तुझं मशीन कण्हतंय."

"ऐकलंय मी, आबा. क्लचच्या मागचं बेअरिंग कोरडं झालंय. माहेराहून आले की उघडते."

भावाच्या मुलीचं बारसं होतं. प्रतिभा दुपारच्या गाडीनं नांदगावला गेली. पेटीला कुलूप नव्हतं. घरात सगळ्यांना सांगून ठेवल्यावर कुलपाची गरज काय, असं तिला वाटलं असणार.

सावळीरामनं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दम धरला. मग पडवीत पोतं अंथरलं आणि मशीन त्यावर आडवं घेतलं. मनात चोरीची भावना अजिबात नव्हती. पोर माहेराहून येईल, मशीन चालू करेल आणि म्हणेल, आबा, आवाज कुठं गेला? एवढंच त्याच्या डोळ्यांपुढे होतं.

बाजूचं झाकण काढलं, साखळी उतरवली. समोर क्लच आला. जन्मात चेनसॉ उघडला नसला तरी त्याला तो बघताक्षणी कळला. मधे इंजिनाचा दांडा, त्यावर स्प्रिंगनं आवळून धरलेले लोखंडी शू, आणि त्यांच्याभोवती वाटीसारखा ड्रम. इंजिन जोरात फिरलं की शू बाहेर फाकतात, ड्रमला आतून चिकटतात आणि ड्रम साखळीला ओढतो. इंजिन हळू असलं की शू आत मिटतात आणि साखळी थांबते. म्हणूनच आवाज फक्त स्लोवर येत होता. ड्रम थांबलेला, दांडा आत फिरतोय, आणि दोघांच्या मधलं बारीक सुयांचं बेअरिंग कोरडं घासतंय. त्याचं निदान अगदी अचूक होतं.

प्लग काढून त्या भोकातून त्यानं दोरीचा तुकडा आत सोडला, म्हणजे पिस्टन अडून बसेल आणि दांडा फिरणार नाही. मग क्लचला पाना लावून नेहमीप्रमाणे डावीकडे जोर दिला. हलेना. अजून जोर दिला. हातावरच्या शिरा टरारल्या. तेव्हा त्याची नजर क्लचवर कोरलेल्या बाणाकडे गेली आणि तो स्वतःवरच हसला. इंजिन ज्या बाजूला फिरतं, त्या बाजूला सरळ आटे असते तर क्लच चालता चालता सुटून पडला असता. इथले आटे उलटे. त्यानं पाना उजवीकडे फिरवला आणि क्लच लोण्यासारखा सुटला.

बेअरिंग निघालं, ते सुकून तपकिरी झालेलं. सावळीरामला इतका आनंद झाला की त्यानं ते सुलाबाईला नेऊन दाखवलं.

"बघ! म्हटलं होतं की नाय?"

"मला काय कळतंय त्यात," सुलाबाई म्हणाली. "तिनं हात लावू नका म्हणून सांगितलं होतं, तेवढं मला कळतं."

बेअरिंग धुऊन त्यानं ग्रीस भरलं. इथवर सगळं बरोबर होतं. पण बोट डब्यात गेलं की सावळीरामचा हात सैल सुटायचा. बेअरिंग झालं, मग स्प्रिंगा झाल्या. शू कोरडे दिसले म्हणून त्यांनाही एक हात. ड्रम आतून पुसला, त्यालाही लावलं. राहिलेलं बोटावरचं ड्रमच्या बाहेरून फिरवलं, गंजू नये म्हणून. वंगणानं आजवर कुणाचं वाईट झालंय? सगळं जोडून त्यानं मशीन स्लोवर चालू केलं. चिरका आवाज पार गेला होता. समाधानानं त्यानं मशीन पुसलं, पेटीत ठेवलं आणि कुणाला एक शब्द बोलला नाही.

प्रतिभा संध्याकाळी परत आली आणि त्याच रात्री वादळ झालं. पाऊस थोडाच, पण वारा असा, की सकाळी अर्ध्या शहरात झाडं आडवी. उजाडताच फोन आला. गंगापूर रोडच्या एका गल्लीत गुलमोहर पडला होता, बरोबर एका बंगल्याच्या फाटकावर. महापालिकेची माणसं बघून, तोडायला हरकत नाही असं सांगून पुढच्या झाडाकडे धावली होती. अग्निशमनची गाडी कधी येईल याचा नेम नव्हता.

"दोर धरायला एक माणूस पाहिजे," प्रतिभा हेल्मेट शोधत म्हणाली. "सनी फुलं घेऊन बाजारात जाणार. आबा, तुम्ही येता?"

सावळीराम केव्हाचाच चप्पल घालून तयार होता.

सनीनं टेम्पोतून तिघांना गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि झेंडू घेऊन तो बाजाराकडे गेला. गुलमोहराचा बुंधा अर्ध्यातून मोडून आडवा झाला होता. लाल फुलांचा ढीग फाटकावर, फाटकाच्या पलीकडे फरसबंदीवर, सगळीकडे. बाहेर रुग्णवाहिका उभी होती आणि आत व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीवर एक म्हातारी.

साडीचा पदर खोचलेली एक बाई फांद्यांमधून वाट काढत पुढे आली. "मी तेजस्विनी. ती माझी आई, शकुबाई. आज तिचं डायलिसिस आहे. हॉस्पिटलवाले म्हणतात थोडा उशीर चालेल, पण दिवस चुकवायचा नाही. खुर्ची या फांद्यांवरून उचलून न्यायची हिंमत होत नाही."

"नाय उचलायची," प्रतिभा म्हणाली. "वाट करून देते. तुम्ही आईंना जरा मागं घ्या."

तिनं हेल्मेट चढवलं, कान झाकले, चष्मा लावला. तृप्तीनं बुंध्याला दोर बांधून टोक सावळीरामच्या हातात दिलं. प्रतिभानं दोरी ओढून मशीन सुरू केलं. लाकडाला लावण्याआधी ती नेहमी एक गोष्ट करायची. जरा रेस द्यायची आणि पुढची दांडी ढकलून साखळी रोखणारा चेन-ब्रेक लागतो का बघायची.

तिनं रेस दिली. इंजिन गरजलं, पण साखळी आळसावल्यासारखी सरकली, अडखळली, पुन्हा सरकली. झाकणातून धूर निघाला. प्रतिभानं चटकन दांडी पुढे ढकलली. ब्रेक लागल्याचा खट आवाज झाला, आणि साखळी तरीही सरकतच राहिली.

तिनं मशीन बंद केलं, जमिनीवर ठेवलं आणि हेल्मेट काढलं.

वास सावळीरामपर्यंत पोचला होता. जळक्या ग्रीसचा. हा वास त्याच्या चांगल्या ओळखीचा. कोळशाच्या पट्ट्याला एक मोठा ब्रेक असायचा, आणि त्याच्या ड्रमच्या आसपास वंगणाचा डबा नुसता नेला तरी हा सावळीराम नवीन पोरांवर ओरडायचा. ज्याला घट्ट पकडायचंय त्याला तेल लावतात का रे, म्हणायचा. आणि हा क्लच, शू फाकवून ड्रम पकडणारा, ब्रेकचा सख्खा भाऊच. पडवीत बसून, बेअरिंगच्या आनंदात, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानं दोर खाली ठेवला.

"प्रतिभा, मशीन मी उघडलं होतं."

तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तृप्ती तर झाडाकडेच बघत राहिली.

"कुठं कुठं लावलं?"

"बेअरिंगला. मग... सगळीकडंच."

"शूंना?"

"हो."

"ड्रमला आतून? बाहेरून पण?"

"बाहेरून पण."

"आबा," ती हळू आवाजात म्हणाली, "बाहेरून ब्रेकचा पट्टा बसतो. मशीन उसळलं तर साखळी त्याच पट्ट्यानं थांबते. तोंडापर्यंत यायच्या आत."

साखळी सरकत नाही म्हणून काम अडलं, एवढंच सावळीरामला वाटत होतं. ब्रेकचं हे त्याला माहीतच नव्हतं. सुनेच्या चेहऱ्याकडे बघवेना. तो बुंध्याकडे बघत उभा राहिला.

प्रतिभाला राग आला होता, तो नाकपुड्यांवर दिसतही होता. पण समोर खुर्चीत म्हातारी बसली होती आणि दिवस वर चढत होता. तिनं हत्यारांची पिशवी त्याच्यापुढे ठेवली.

"उघडा. एकदा उघडलंय ना, मग तुमचा हात माझ्यापेक्षा लवकर चालेल. शू, ड्रम, पट्टा, झाकण, सगळं पेट्रोलनं धुवायचं. पण आधी थंड होऊ द्या, आणि पेट्रोल मशीनपासून लांब. जोडायच्या आधी मला दाखवायचं. तोवर मी आणि तृप्ती करवतीनं बारीक फांद्या घेतो."

सावळीरामनं फाटकाच्या बाजूला, सावलीत, पिशवीतलं फडकं अंथरलं. इंजिनाची धग उतरेपर्यंत त्यानं पाने मांडून घेतले. मग झाकण काढलं. प्लगच्या भोकात दोरी, पाना उजवीकडे, क्लच हातात. काल ज्या हातानं त्यानं कौतुकानं ग्रीस लावलं, त्याच हातानं तो ते खरवडून काढू लागला. चिकटून काळं झालं होतं.

फाटकाच्या गजांमधून शकुबाई बघत होती. लेकीनं खुर्ची मागे घेतली होती, ती म्हातारीनं पुन्हा व्हरांड्याच्या कडेला आणवली होती.

"काय बिघडलं हो?"

"मी बिघडवलं, बाई."

"मग नीट पण तुम्हीच करा," ती म्हणाली. "सगळं काढून, धुऊन, परत घालायचं. दवाखान्यात माझ्या रक्ताचं तेच तर करतात. घाई केली की त्या नर्सबाई रागावतात. तुम्ही सावकाश करा, मी कुठं पळून जात नाही."

सावळीरामला हसू आलं, आणि हसल्यावर हात ठिकाणावर आला. घाबरलेला हात काम करत नाही, हे त्याला जुनंच माहीत होतं. त्यानं शू एकेक करून पेट्रोलमध्ये बुचकळले, घासले, कोरड्या फडक्यानं पुसले. शूंच्या तोंडावर आणि ड्रमच्या आतल्या भिंतीवर जळका थर चकाकत होता, तो पॉलिश पेपरनं हलकेच उतरवला. पकड येईल इतपत, लोखंड झिजणार नाही इतपत. झाकणातला ब्रेकचा पट्टा पुसला. फडकं काळं आलं. पुन्हा पुसला. फडकं पांढरं येईपर्यंत पुसत राहिला. स्प्रिंगा ताणून बघितल्या. एकही ढिली नव्हती, कुठे चीर नव्हती.

मग त्यानं प्रतिभाला हाक मारली. ती करवत टाकून आली. घाम पुसून तिनं हात कोरडा केला आणि एकेका शूवरून, ड्रमच्या आतून, बाहेरून बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं.

"पट्टा?"

त्यानं झाकण पुढे केलं. तिनं तिथंही बोट फिरवलं.

"झकास," ती म्हणाली. "आता बेअरिंग."

पिशवीत तिची छोटी डबी होती, उष्णतेला टिकणाऱ्या ग्रीसची. सावळीरामनं सवयीनं बोट खुपसलं आणि बोराएवढा गोळा वर काढला. त्यानं त्या गोळ्याकडे पाहिलं, डबीच्या काठाला पुसून टाकला आणि बोटावर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस ठेवलं. तेवढंच सुयांमध्ये चोळून जिरवलं. बेअरिंग दोन बोटांत फिरवलं, ते आवाज न करता फिरलं. बाहेर आलेलं फडक्यानं टिपून घेतलं.

"एवढंच?" त्यानं विचारलं.

"एवढंच. जास्त झालं की फिरताना उडतं आणि शूवर जातं."

त्यानं ड्रम बसवला, क्लच डावीकडे फिरवून आवळला, दोरी काढली, प्लग लावला, साखळी चढवली, झाकण बसवून ताण बघितला. मशीन दोन्ही हातांनी उचलून सुनेच्या हातात दिलं.

प्रतिभानं ते सुरू केलं. स्लोवर साखळी ठार उभी. रेस दिली, साखळी झर्रकन पळाली. दांडी ढकलली आणि साखळी जागच्या जागी थांबली, जणू कुणी चिमटीत धरली. तिनं तेच पुन्हा एकदा करून बघितलं आणि मग हेल्मेटच्या आतून सावळीरामला मान हलवून खूण केली.

त्यानं दोर उचलला.

पुढचं काम बघण्यासारखं झालं. बुंध्याचा भार कुठे पेललाय हे प्रतिभा आधी नीट बघायची, दबलेल्या बाजूनं थोडं कापायची, मग दुसऱ्या बाजूनं पातं घालायची, म्हणजे लाकूड पात्याला चावायचं नाही. भुशाचा फवारा उडत होता. तृप्ती ओरडायची, "आबा, ओढा!" आणि सावळीराम पाय रोवून असा ओढायचा की ओंडका फाटकापासून लांब जाऊनच पडायचा. बघता बघता फाटकाचा एक दरवाजा मोकळा झाला. रुग्णवाहिकेतली माणसं स्ट्रेचर काढायला लागली तर शकुबाईनं त्यांना थांबवलं. "खुर्चीनंच जाते. झोपवू नका मला उगाच."

जाताना तिनं खुर्ची सावळीरामपाशी थांबवली. "केलंत की हो नीट."

"झालं खरं," सावळीराम म्हणाला. "जपून जा."

तेजस्विनीनं प्रतिभाचे दोन्ही हात हातात घेतले आणि आईपाठोपाठ गाडीत चढली.

गाडी गेल्यावर तृप्ती चहा सांगायला कोपऱ्यावर गेली. प्रतिभा ओंडक्यावर बसली आणि जे सकाळपासून अडवून धरलं होतं ते तिनं बोलून टाकलं.

"मी ब्रेक बघितला नसता, आणि मशीन उसळलं असतं, तर सनीला काय सांगितलं असतं तुम्ही?"

सावळीराम तिच्या शेजारी ओंडक्यावर बसला. "माझं चुकलं, पोरी," तो म्हणाला. "बेअरिंग बरोबर ओळखलं, त्यातच गुंगलो. न सांगता हात घातला, ते पहिलं चुकलं. बाकीचं त्याच्या मागनं आलं."

ती साखळीतला भुसा काडीनं काढू लागली.

"तुम्ही कण्हतंय म्हणालात, तेव्हाच उघडायला पाहिजे होतं. ते माझं चुकलं," ती म्हणाली. "आबा, यापुढं मशीन उघडायचं तर दोघांनी मिळून. चालेल?"

"चालेल. पण माझी पण एक अट हाय."

"तुमची अट?" ती चकित होऊन म्हणाली.

"आवाज मी सांगितला की त्याच दिवशी उघडायचं. माहेर असो की काही असो."

प्रतिभाला हसू आवरेना. तृप्ती चहा घेऊन आली तेव्हा दोघं हसत होती, आणि तिला काही कळलं नाही. चहा संपेस्तोवर पलीकडच्या गल्लीतून एक गृहस्थ विचारत आले. त्यांच्या गाडीवर कडुनिंबाची फांदी होती.

त्या दिवशी त्यांनी आणखी बरीच झाडं मोकळी केली. संध्याकाळी टेम्पोतून घरी आल्यावर सुलाबाईनं नवऱ्याचे पेट्रोलनं पांढरे पडलेले हात बघितले, सुनेचा चेहरा बघितला आणि पिठलं टाकलं. जेवणं झाल्यावर प्रतिभा अंगणात दिव्याखाली बसली. दिवसभर कापून साखळीचे दात बोथट झाले होते. ती गोल कानस घेऊन एकेक दात पाजळू लागली. सावळीराम तिच्यासमोर पाट घेऊन बसला.

"कानस कशी धरतेस, दाखव."

"तुम्हाला येतं की कानस मारायला. फिटर होता तुम्ही."

"लोखंडाला मारायला येतं. दाताला कधी मारली नाय." त्यानं हात पुढे केला. "दाखव तू."

तिनं कानस त्याच्या हातात दिली, मनगट धरून तिरपं केलं. "असं. पुढं जाताना दाबायचं, मागं येताना उचलायचं. आणि प्रत्येक दाताला सारखंच."

सावळीरामनं एक दात पाजळला. तिनं नख लावून बघितला.

"कोन सुटला, आबा. परत."

"बरं," सावळीराम म्हणाला, दिवा जरा जवळ ओढला आणि त्याच दाताला पुन्हा कानस लावली.